शिक्षिका तेरेसा : परक्या भूमीवरील पहिले दिवस

(५ सप्टेंबर – कोलकात्याच्या संत तेरेसा यांच्या स्मरणदिनानिमित्त)

५ सप्टेंबर हा दिवस आपल्या देशात डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जन्मदिनाचे औचित्य साधून १९६२ सालापासून शिक्षक दिन म्हणून साजरा केला जातो. ख्रिस्तसभेसाठीही हा दिवस आता विशेष महत्त्वाचा झाला आहे. मदर तेरेसा यांनी १९९७ साली याच दिवशी कोलकात्यात देह ठेवला. ४ सप्टेंबर २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या स्मरणदिनाचा समावेश जागतिक ख्रिस्तसभेच्या उपासना पंचांगात करण्यात आला. शिक्षक दिन आणि मदर तेरेसांचा सण एकाच दिवशी यावा हा योगायोग खरा, पण तो मोठा अर्थपूर्ण योगायोग आहे.

मदर तेरेसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळ्या काठाची पांढरी साडी, मरणोन्मुखांच्या खाटा आणि कुष्ठरोग्यांच्या जखमा उभ्या राहतात. परंतु ती साडी अंगावर येण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे ही स्त्री शाळेत शिकवत होती, याचा आपल्याला बहुधा विसर पडतो. ज्या भाषेच्या आधारे त्यांना शिक्षिका व्हायचे होते, ती इंग्रजी भाषा त्यांना घर सोडताना येत नव्हती. ज्या मुलांना शिकवायचे होते, त्यांची बंगाली भाषा तर त्यांनी कधी ऐकलीही नव्हती. अठरा वर्षांची एक मुलगी घरदार, आई आणि मायबोली मागे ठेवून परक्या मुलांना शिकविण्यासाठी निघाली. त्या पहिल्या दिवसांत तिच्या वाट्याला काय आले आणि त्या दिवसांनी तिला काय दिले, याचा मागोवा या लेखात घेऊ या.

स्कोप्ये येथील घर

ॲग्नेस गोंजा बोयाजिऊ यांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोप्ये या शहरात एका अल्बेनियन कॅथलिक कुटुंबात झाला. त्या काळी हे शहर ऑटोमन साम्राज्यात होते. आज ते उत्तर मॅसिडोनिया या देशाची राजधानी आहे. दुसऱ्याच दिवशी बाळाचा स्नानसंस्कार झाला. गोंजा या अल्बेनियन शब्दाचा अर्थ फुलाची कळी असा होतो. वडील निकोला हे व्यापारी आणि बांधकाम कंत्राटदार होते. मोठी बहीण आगा, भाऊ लाझार आणि सर्वांत धाकटी ॲग्नेस असे हे सुखवस्तू कुटुंब होते.

१९१९ साली वडिलांचे अकस्मात निधन झाले आणि घराची घडी विस्कटली. आई द्राना यांनी शिवणकाम आणि भरतकाम करून तिन्ही मुलांना वाढविले. हात आखडता घ्यावा लागला, तरी दारी आलेल्याला त्यांनी विन्मुख पाठविले नाही. परिसरातील एक निराधार स्त्री अंगभर जखमांनी त्रस्त होती. द्राना तिच्या घरी जाऊन तिच्या जखमा धूत, तिला खाऊ घालीत. धाकट्या ॲग्नेसचे सेवेचे पहिले धडे असे आईचा हात धरूनच गिरवले गेले.

स्कोप्येमध्ये कॅथलिक भाविक अल्पसंख्य होते. पवित्र हृदयाचे धर्मग्राम हेच त्यांच्या जीवनाचे केंद्र होते. ॲग्नेस गायनवृंदात गात असे आणि मँडोलिन वाजवीत असे. १९२५ साली तेथे फादर फ्रान्यो याम्ब्रेकोविच हे येशूसंघीय धर्मगुरू आले. त्यांनी तरुणींसाठी पवित्र मरियेचा संघ सुरू केला. युगोस्लाव्हियातून बंगालमध्ये मिशनकार्यासाठी गेलेल्या येशूसंघीय फादरांची माहिती आणि त्यांची पत्रे ते या तरुणींना सांगत. नकाशावरही शोधावा लागेल अशा त्या दूरच्या बंगालविषयी ॲग्नेसच्या मनात ओढ निर्माण झाली ती येथेच. बंगालमध्ये लोरेटो संस्थेच्या धर्मभगिनी शाळा चालवितात हेही तिला याच सुमारास समजले.

पाचारणाचा विचार बाराव्या वर्षापासून तिच्या मनात डोकावत होता. मधली काही वर्षे तिने तो बाजूला ठेवला होता. अखेरीस लेत्नित्से येथील पवित्र मरियेच्या तीर्थक्षेत्री प्रार्थना आणि चिंतन करून अठराव्या वर्षी तिने निर्णय घेतला.

आईचा निरोप

ॲग्नेसने आपला निर्णय आईला सांगितला, तेव्हा द्राना आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. पुढचा संपूर्ण दिवस त्या बाहेर आल्या नाहीत. पती गेल्यानंतर ज्या मुलांसाठी त्यांनी रात्रंदिवस सुई चालविली होती, त्यांतील सर्वांत धाकटी मुलगी आता कायमची दूर जाणार होती. त्या काळी मिशनसाठी परदेशी गेलेली धर्मभगिनी पुन्हा घरी येत नसे, हे त्या जाणून होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी मुलीला अडविले नाही. आपला हात प्रभू येशूच्या हातात दे आणि मग मागे वळून पाहू नकोस, एवढाच उपदेश त्यांनी केला. भाऊ लाझार त्या वेळी अल्बेनियाच्या सैन्यात अधिकारी होता. एवढ्या हुशार बहिणीने असा मार्ग पत्करावा याचे त्याला नवल वाटले; परंतु तिच्या उत्तरातील ठामपणा पाहून तोही निरुत्तर झाला.

२६ सप्टेंबर १९२८ रोजी ॲग्नेसने स्कोप्ये सोडले. स्थानकावर निरोप द्यायला धर्मग्रामातील मंडळी जमली होती. आई आणि बहीण झाग्रेबपर्यंत तिच्याबरोबर गेल्या. तेथील रेल्वेस्थानकावर मायलेकींची ताटातूट झाली. त्यानंतर त्या दोघींची या जगात कधीही भेट झाली नाही. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात अशी घरे आहेत, ज्यांनी आपला मुलगा किंवा मुलगी देवाला अर्पण केली आहे. द्रानाच्या बंद खोलीतला तो दिवस त्या घरांतील मातांना समजावून सांगावा लागणार नाही.

सहा आठवड्यांची इंग्रजी

झाग्रेबहून ॲग्नेस आणि तिच्याच देशातील बेतिका नावाची दुसरी तरुणी रेल्वेने पॅरिसला गेल्या. लोरेटो संस्थेच्या तेथील मठात त्यांची मुलाखत झाली. या मुलींना इंग्रजी येत नव्हते, म्हणून ती मुलाखतही दुभाष्याच्या मदतीने पार पडली. शाळा चालविणाऱ्या संस्थेत प्रवेश मागायचा आणि त्या संस्थेच्या भाषेत एक वाक्यही बोलता येऊ नये, ही अवस्था संकोचाचीच म्हणावी लागेल. तरीही मठाधिकारी भगिनींनी त्यांची शिफारस केली आणि दोघींना आयर्लंडमध्ये डब्लिनजवळील रॅथफार्नहॅम येथील मातृगृहात पाठविण्यात आले.

लोरेटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे मूळ थोर इंग्रज भगिनी मेरी वॉर्ड यांच्या कार्यात आहे. मुलींना उत्तम शिक्षण मिळावे यासाठी त्यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. एकोणिसाव्या शतकात मदर तेरेसा बॉल यांनी त्याची शाखा आयर्लंडमध्ये रुजविली आणि १८४१ सालाच्या अखेरीस या शाखेच्या पहिल्या धर्मभगिनी कोलकात्यात दाखल झाल्या. तेव्हापासून लोरेटोच्या शाळा आणि इंग्रजी शिक्षण हे समीकरण बंगालमध्ये रूढ झाले होते.

ॲग्नेसच्या घरात अल्बेनियन बोलली जाई, तर शाळेतील शिक्षण सर्बो-क्रोएशियन भाषेत झाले होते. इंग्रजीचा तिच्याशी काडीचाही संबंध आला नव्हता. रॅथफार्नहॅम येथे तिला मिळाले जेमतेम सहा आठवडे. तेवढ्या अवधीत इंग्रजीची मुळाक्षरे, उच्चार, रोजच्या वापरातील वाक्ये आणि प्रार्थना शिकून घ्यायच्या होत्या. आयर्लंडचा गारठा, अनोळखी जेवण, मठाचे काटेकोर वेळापत्रक आणि भोवती न कळणारी भाषा अशा वातावरणात ही मुलगी पहिल्यांदाच आईपासून दूर राहत होती. तेथील काही भगिनींनी पुढे सांगितले की ही मुलगी अगदी साधी आणि शांत होती. तिच्यात काही असामान्य आहे असे त्यांना तेव्हा जाणवले नव्हते.

येथेच तिने नवे नाव धारण केले. लिझ्यूच्या संत तेरेसा यांना १९२५ साली संतपद मिळाले होते आणि १९२७ साली त्यांना मिशनकार्याच्या आश्रयदात्या म्हणून घोषित करण्यात आले होते. मठाच्या चार भिंतींत राहून लहान लहान गोष्टी मोठ्या प्रेमाने करणाऱ्या त्या संताचे नाव ॲग्नेसने निवडले. संस्थेतील दुसऱ्या एका भगिनीने ते नाव फ्रेंच वळणाने आधीच घेतलेले असल्यामुळे तिने स्पॅनिश वळणाचे तेरेसा हे रूप स्वीकारले.

समुद्रावरील नाताळ

१ डिसेंबर १९२८ रोजी सिस्टर तेरेसा आणि त्यांच्या सोबतीण भगिनी भारताकडे जाणाऱ्या जहाजावर चढल्या. सुएझ कालवा, तांबडा समुद्र, हिंदी महासागर असा तो सुमारे पाच आठवड्यांचा प्रवास होता. जहाजावर आणखी काही मिशनरी भगिनी होत्या, परंतु कॅथलिक धर्मगुरू नव्हते. त्यामुळे प्रवासाच्या बऱ्याच दिवसांत मिस्साबलिदानाचा लाभ झाला नाही. नाताळचा सण समुद्रावरच आला. भगिनींनी कागदाचा लहानसा गोठा तयार केला, पवित्र माळेची प्रार्थना केली आणि नाताळची गीते गायिली. आदल्या वर्षी याच रात्री सिस्टर तेरेसा आपल्या धर्मग्रामाच्या गायनवृंदात उभ्या होत्या. या वर्षी चहूकडे पाणी आणि अंधार होता.

नाताळनंतर जहाज कोलंबोला आणि तेथून मद्रासला पोहोचले. मद्रासच्या रस्त्यांवर त्यांनी जे दारिद्र्य पाहिले, त्याने त्या हादरून गेल्या. उघड्यावर राहणारी कुटुंबे आणि अंगावर पुरेसे वस्त्रही नसलेली माणसे त्यांनी प्रथमच पाहिली. आपल्या देशातील लोकांनी हे पाहिले तर स्वतःच्या अडचणींविषयी ते कधी कुरकुर करणार नाहीत, अशा आशयाचे त्यांनी मायदेशातील मिशन मासिकाला लिहून कळविले. ६ जानेवारी १९२९ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्या कोलकात्याच्या भूमीवर उतरल्या. ताऱ्याच्या मागे निघालेल्या ज्ञानी पुरुषांनीही असाच लांबचा आणि अनोळखी प्रवास केला होता.

दार्जिलिंगमधील पहिला वर्ग

कोलकात्यात थोडे दिवस थांबून सिस्टर तेरेसा दार्जिलिंगला गेल्या. हिमालयाच्या कुशीत सुमारे सात हजार फूट उंचीवर वसलेल्या या गावात लोरेटोचे नोव्हिशिएट होते. २३ मे १९२९ रोजी त्यांच्या नवदीक्षेला विधिवत प्रारंभ झाला. पुढील दोन वर्षे प्रार्थना, संस्थेच्या नियमांचा अभ्यास, इंग्रजी आणि बंगाली या भाषांचे धडे आणि त्याबरोबरच मठाजवळील लहानशा शाळेत शिकविणे असा त्यांचा दिनक्रम होता.

येथे त्यांची एक विलक्षण स्थिती होती. दिवसाच्या एका प्रहरी त्या स्वतः वहीत परक्या भाषेची वाक्ये गिरवीत आणि दुसऱ्या प्रहरी मुलांसमोर शिक्षिका म्हणून उभ्या राहत. त्यांचे इंग्रजी अजून कच्चे होते. डोंगरातील गरीब कुटुंबांतून आलेल्या मुलांनाही ती भाषा तितकीच परकी होती. नव्या भाषेत चुकत, अडखळत बोलताना मनाला काय वाटते, हे त्यांना कुणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. तो अनुभव त्या रोज घेत होत्या. जी व्यक्ती स्वतः शिकण्याच्या कष्टांतून जात आहे, ती शिकणाऱ्यावर सहसा रागावत नाही. पुढे त्यांच्या विद्यार्थिनींनी त्यांच्या ज्या धीराची आणि मायेची आठवण काढली, त्याची पायाभरणी या काळात झाली असे म्हणता येईल.

याच काळात काही दिवस त्यांनी एका लहान दवाखान्यातही मदत केली. तेथे येणाऱ्या रुग्णांविषयी त्यांनी मायदेशी लिहिलेले वृत्त १९३१ साली प्रसिद्ध झाले. एके दिवशी एक माणूस डहाळ्यांत गुंडाळलेल्या एका बालकाला घेऊन आला. ते मूल इतके कृश होते की ते जगेल असे वाटत नव्हते. भगिनी त्याला घेतील की नाही अशी भीती त्या माणसाला वाटत होती. नाही घेतले तर ते गवतात टाकून द्यावे लागेल असे त्याने सांगितले. सिस्टर तेरेसांनी त्या बालकाला आपल्या पदरात घेतले. त्या मुलाला स्वीकारताना त्यांच्या मनात प्रभू येशूने बालकांविषयी काढलेले उद्गार घोळत होते.

हातात केरसुणी घेतलेली शिक्षिका

मे १९३१ मध्ये सिस्टर तेरेसांनी पहिली व्रते घेतली आणि त्यांची नेमणूक कोलकात्यातील एन्टाली येथे झाली. तेथील उंच भिंतींच्या प्रशस्त आवारात लोरेटोची इंग्रजी माध्यमाची शाळा होती आणि त्याच आवारात सेंट मेरीज ही बंगाली माध्यमाची शाळा होती. सिस्टर तेरेसांना सेंट मेरीजमध्ये काम मिळाले. इंग्रजी शिकण्यासाठी त्यांनी सगळा युरोप ओलांडला होता. पण प्रत्यक्षात त्यांना शिकवावे लागले ते बंगालीतून. त्यांनी ती भाषाही इतक्या तन्मयतेने आत्मसात केली की त्याच नावाच्या दुसऱ्या भगिनीपासून वेगळे ओळखण्यासाठी त्यांना बंगाली तेरेसा असे म्हटले जाऊ लागले. भूगोल, इतिहास आणि धर्मशिक्षण हे विषय त्या शिकवीत.

काही वर्षांनी त्यांच्याकडे सेंट तेरेसा या दुसऱ्या शाळेतील अध्यापनाचेही काम आले. ही शाळा आवाराबाहेर होती. त्यासाठी त्यांना रोज शहराच्या गजबजलेल्या रस्त्यांतून जावे लागे. तेथील पहिल्या दिवसाची हकीकत त्यांनी मायदेशी लिहून कळविली होती. शाळेची खोली काळवंडलेली आणि धुळीने भरलेली होती. मुले या नव्या युरोपियन सिस्टरकडे संशयाने पाहत होती. सिस्टरांनी काही न बोलता बाह्या वर सारल्या, सामान बाजूला केले, पाणी आणि केरसुणी मागवली आणि फरशी घासायला सुरुवात केली. मुले आश्चर्याने पाहतच राहिली. शिक्षकाने जमीन धुवावी हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. आपल्या समाजात हे काम तथाकथित खालच्या जातींकडे सोपवलेले होते. थोड्या वेळाने सिस्टरांच्या चेहऱ्यावरील हसू पाहून मुली एकेक करून पुढे आल्या आणि त्यांच्याबरोबर काम करू लागल्या. मुलगे पाणी आणून देऊ लागले. तासाभरात ती खोली वर्ग म्हणून शोभू लागली.

त्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडले गेले की नाही हे महत्त्वाचे नाही. श्रम हलके नसतात आणि माणूसही हलका नसतो, हा धडा मुलांना मिळाला. काही दिवसांतच ती मुले सिस्टर तेरेसांना मा म्हणू लागली. बंगाली भाषेत आईला मा म्हणतात. झाग्रेबच्या स्थानकावर आपल्या आईचा हात सोडून आलेल्या या तरुणीला परक्या मुलांनी आईचे नाव दिले. रविवारी त्या या मुलांच्या घरी जात. एका खोलीत दाटीवाटीने राहणारी, पोटभर अन्नाला महाग असलेली कुटुंबे त्यांनी जवळून पाहिली. वर्गातील मूल का पेंगते, त्याचे लक्ष का लागत नाही, याचे उत्तर त्यांना त्या घरांत मिळाले.

भिंतीपलीकडची हाक

२४ मे १९३७ रोजी सिस्टर तेरेसांनी अंतिम व्रते घेतली आणि लोरेटोच्या प्रथेप्रमाणे त्या मदर तेरेसा झाल्या. १९४४ साली त्या सेंट मेरीजच्या मुख्याध्यापिका झाल्या. आनंदाने त्यांनी हे आईला कळविले. आईच्या उत्तरात अभिनंदनापेक्षा एक आठवण अधिक ठळक होती. तू भारतात गेलीस ती गरिबांसाठी, हे विसरू नकोस, असे द्रानाने लेकीला बजावले आणि अंगभर जखमा असलेल्या त्या निराधार स्त्रीचे स्मरण करून दिले. हजारो मैलांवरून आलेले ते शब्द मदर तेरेसांच्या मनात घर करून राहिले.

बाहेरचा काळही कठीण होता. दुसऱ्या महायुद्धात एन्टालीच्या आवारात लष्करी इस्पितळ उघडण्यात आले आणि सेंट मेरीज शाळा दुसऱ्या जागेत हलवावी लागली. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला आणि कोलकात्याच्या रस्त्यांवर माणसे अन्नावाचून तडफडून मेली. १६ ऑगस्ट १९४६ रोजी शहरात दंगलींचा आगडोंब उसळला. शाळेच्या वसतिगृहातील सुमारे तीनशे मुलींसाठी अन्नाचा दाणा उरला नव्हता. मठाचा नियम मोडून मुख्याध्यापिका एकट्याच रस्त्यावर आल्या. त्यांनी रस्त्यांवर पडलेले मृतदेह पाहिले. सैनिकांनी त्यांना परत शाळेत पोहोचविले आणि तांदळाची पोती मिळवून दिली.

त्यानंतर एका महिन्याच्या आतच, १० सप्टेंबर १९४६ रोजी, वार्षिक तपासाधनेसाठी त्या दार्जिलिंगला निघाल्या. ज्या वाटेने सतरा वर्षांपूर्वी एक नवखी तरुणी इंग्रजीचे धडे घेण्यासाठी गेली होती, त्याच वाटेवर रेल्वेच्या प्रवासात त्यांना दुसरे पाचारण झाले. सर्व सोडून गरिबांतल्या गरिबांमध्ये राहायचे, त्यांची सेवा करायची, ही प्रभूची आज्ञा आहे अशी त्यांची खात्री पटली.

लोरेटो सोडणे हे घर सोडण्यापेक्षाही कठीण होते, हे त्यांनी पुढे अनेकदा कबूल केले. शाळेवर, विद्यार्थिनींवर आणि भगिनींवर त्यांचा जीव होता. त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक फादर सेलेस्त व्हान एक्झेम आणि कोलकात्याचे आर्चबिशप फर्डिनांड पेरिये यांनी घाईने काही केले नाही. जवळजवळ दोन वर्षे प्रार्थना, पत्रव्यवहार आणि प्रतीक्षा यांत गेली. रोमहून परवानगी आली आणि १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसून मदर तेरेसा लोरेटोच्या दारातून बाहेर पडल्या.

पुन्हा एकदा पहिला दिवस

प्रथम त्या पाटण्याला गेल्या आणि मेडिकल मिशन भगिनींच्या इस्पितळात शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण घेतले. गरिबांप्रमाणे केवळ मीठ-भातावर राहण्याचा त्यांचा विचार होता; परंतु गरिबांची सेवा करायची असेल तर अंगात बळ हवे, असे तेथील अनुभवी भगिनींनी समजावले आणि त्यांनी ते नम्रपणे मान्य केले. अडतिसाव्या वर्षी, मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठून त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या होत्या.

२१ डिसेंबर १९४८ रोजी त्या कोलकात्याच्या वस्तीत कामासाठी प्रथम उतरल्या. त्या काळच्या पंचांगानुसार हा भारताचे प्रेषित संत थॉमस यांच्या सणाचा दिवस होता. एन्टालीच्या भिंतीला लागून असलेली मोतीझील ही वस्ती त्यांनी वर्षानुवर्षे खिडकीतून पाहिली होती. आता त्यांनी तेथे शाळा सुरू केली. इमारत नव्हती, बाके नव्हती, फळा नव्हता, खडूही नव्हता. पहिल्या दिवशी मूठभर मुले जमली. मदर तेरेसांनी एक काठी घेतली आणि झाडाखालच्या मातीत बंगाली मुळाक्षरे काढली. अक्षरांबरोबर त्यांनी मुलांना हातपाय धुवायला, केस विंचरायला शिकविले. चांगली प्रगती करणाऱ्यांना बक्षीस म्हणून साबणाची वडी मिळे. मुलांची संख्या वाढत गेली. कुणी एक खुर्ची आणून दिली, कुणी फळा दिला.

हे दिवस दिसतात तितके सोपे नव्हते. राहायला जागा शोधत त्या दिवसभर वणवण फिरत. एकदा पाय आणि खांदे दुखून येईपर्यंत चालल्यावर त्यांच्या मनात विचार आला की गरिबांनाही आसऱ्यासाठी असेच झिजावे लागत असणार. त्याच क्षणी लोरेटोमधले सुखाचे दिवस आठवले. एक शब्द उच्चारला असता तर ते सारे परत मिळाले असते. त्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. हे सारे त्यांनी आपल्या त्या वेळच्या नोंदवहीत लिहून ठेवले होते.

फेब्रुवारी १९४९ मध्ये क्रीक लेन येथील गोम्स कुटुंबाने आपल्या घराचा वरचा मजला त्यांना दिला. मार्च महिन्यात सुभाषिनी दास ही त्यांची जुनी विद्यार्थिनी त्यांच्याकडे राहायला आली. पुढे ती सिस्टर ॲग्नेस झाली. आपल्या शिक्षिकेने सोडलेले बाळपणीचे नाव शिष्येने धारण केले. पाठोपाठ आल्या त्यांपैकी बहुतेक जणी सेंट मेरीजच्याच विद्यार्थिनी होत्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेला अधिकृत मान्यता मिळाली. या संस्थेचे पहिले भांडवल म्हणजे एका शिक्षिकेने वीस वर्षांत कमावलेला विद्यार्थिनींचा विश्वास होता.

त्यापुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९५२ साली कालीघाट येथे निर्मल हृदय हे मरणासन्नांचे घर सुरू झाले. १९६४ साली मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी आलेल्या पोप सहावे पॉल यांनी आपली मोटार मदर तेरेसांना भेट दिली आणि मदरनी ती सोडतीत काढून ते पैसे कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी वापरले, ही आठवण मुंबई आणि वसई परिसरातील ज्येष्ठ भाविक अजूनही सांगतात. १९७९ साली नोबेल शांतता पुरस्कार आणि १९८० साली भारतरत्न हे सन्मान त्यांना लाभले. १९ ऑक्टोबर २००३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले.

एक दुःख मात्र शेवटपर्यंत राहिले. आई आणि बहीण अल्बेनियाची राजधानी तिराना येथे राहायला गेल्या होत्या. तेथील निरीश्वरवादी राजवटीने त्यांना बाहेर पडू दिले नाही आणि मदर तेरेसांनाही आत येऊ दिले नाही. जगभरातील राष्ट्रप्रमुखांची दारे ज्यांच्यासाठी उघडत, त्यांना आपल्या आईच्या दारापर्यंत जाता आले नाही. १९७२ साली आई वारली, पुढच्या वर्षी आगाही गेली. १९८९ साली मदर तेरेसांना अल्बेनियात प्रवेश मिळाला तेव्हा त्यांच्या भेटीसाठी उरल्या होत्या त्या फक्त दोन कबरी. त्यांनी तेथे फुले वाहिली आणि प्रार्थना केली.

आपल्यासाठी

आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा सेवाकार्यासाठी दूरदेशी जातात. आपल्या कितीतरी धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी अनोळखी भाषेच्या प्रदेशांत जाऊन शाळा चालविल्या आहेत. तेथील पहिल्या रात्री झोप लागत नाही. बोलायला जावे तर शब्द सापडत नाही आणि आपण येथे कशाला आलो असा प्रश्न मनात येतो. अशा प्रत्येकाने रॅथफार्नहॅमच्या मठात इंग्रजीची वाक्ये गिरविणाऱ्या त्या अठरा वर्षांच्या मुलीला आठवावे. तिच्याजवळ भाषा नव्हती, अनुभव नव्हता, परतीचे तिकीट नव्हते. तिने आपला हात प्रभूच्या हातात दिला होता आणि पडेल ते काम करण्याची तयारी ठेवली होती. भाषा मागाहून आली. मुलांचे प्रेमही मागाहून आले.

आणि जे कुठेही न जाता गावातल्याच शाळेत फळ्यापुढे उभे राहतात, त्या शिक्षक बंधुभगिनींनीही त्या काळवंडलेल्या खोलीतली केरसुणी आठवावी. विषय शिकविण्यापूर्वी खोली स्वच्छ करावी लागते आणि कधी कधी मुलाच्या घरापर्यंत चालत जावे लागते. मदर तेरेसा संत झाल्या त्या वाटेची सुरुवात अशा साध्या गोष्टींपासून झाली.

येत्या ५ सप्टेंबरला आपल्या मिस्साबलिदानात आपण सर्व शिक्षकांसाठी प्रार्थना करू या. ज्या मातापित्यांनी आपली लेकरे दूरच्या सेवाकार्यासाठी देवाला दिली आहेत, त्यांचीही आठवण ठेवू या. कोलकात्याच्या संत तेरेसा, आमच्यासाठी विनंती कर.